आधी गच्ची, मग गड: थंडीच्या ट्रेकसाठी सामान कसं तपासावं

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत घरोघरी उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकचे बेत शिजायला लागतात. मग स्लीपिंग बॅग येते, तंबू येतो, बूट येतात. सगळं कोऱ्या प्लास्टिकमध्ये कपाटावर जाऊन बसतं आणि पहिल्यांदा उघडतं ते थेट पायथ्याच्या सांकरी गावाच्या पुढे, बर्फात, अंधार पडल्यावर. माझ्या पहिल्या हिमालयातल्या ट्रेकला मी हेच केलं. स्लीपिंग बॅगेची चेन गुडघ्यापाशी अस्तरात अडकली, हातमोजे काढून खेचली तशी आणखी रुतली, आणि ती रात्र मी बॅग शालीसारखी पांघरून बसून काढली. घरी दहा मिनिटं चेन खालीवर केली असती तर अस्तर कुठे सैल आहे ते तेव्हाच दिसलं असतं.

तेव्हापासूनचा माझा नियम साधा आहे. सामान दगा देणार असेल तर आधी घरापासून वीस पावलांवर देऊ दे, मग पायथ्याच्या गावात, मग गडावर. प्रत्येक पायरीवर माघारी फिरायची वाट आखूड असली पाहिजे. पुढची पद्धत त्याच क्रमाने लिहिली आहे. एजन्सीबरोबर जाणार असाल तर तंबू, स्लीपिंग बॅग आणि चूल बहुतेक वेळा त्यांचीच असते. तेवढा भाग चाळून पुढे जा. बूट, कपडे आणि सॅक यांच्यापासून मात्र सुटका नाही.

आपल्याकडची थंडी पुरते का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि केदारकंठाचा माथा सुमारे ३८०० मीटरवर. फरक ३२४० मीटरचा, म्हणजे २१ अंशांचा. पुण्यात पहाटे १० अंश असताना हा हिशेब उणे ११ दाखवतो. त्यात उत्तरेकडच्या अक्षांशाचा फरक धरलेला नाही, तेव्हा हा हिशेब ढोबळच समजा.

उणे ११ आपल्याकडे कुठेच मिळत नाही. पण निफाडला कडाक्याच्या दिवसांत पारा पाच-सहा अंशांच्याही खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठून हिमकण दिसतात, आणि अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत एक आकडी तापमान नवलाचं नाही. एवढ्या थंडीत बर्फ आणि विरळ हवा सोडली तर जवळपास सगळ्याची परीक्षा घेता येते. फक्त दोन वस्तू इथे पास होतात आणि तिथे नापास होतात: गॅस आणि स्लीपिंग बॅग. त्यांच्यासाठी थोडी युक्ती करावी लागते, ती पुढे येईलच.

रात्र निवडताना एक पाहा. आभाळ ढगाळ असेल तर परीक्षा वाया गेली असं समजा, कारण ढग जमिनीची ऊब वर निसटू देत नाहीत. मार्गशीर्ष-पौषातली चांदण्या स्वच्छ दिसणारी, वारा पडलेली रात्र हवी.

तयारीला तीन गोष्टी पुरतात. रात्रीचं किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक, सामान अडकवून तोलायचा हुकाचा काटा, आणि वही. वहीचा कंटाळा करू नका. पहाटे चार वाजता ‘मरणाची थंडी होती’ असं वाटतं, आणि सकाळी तापमापक १२ अंश दाखवतो.

पहिली पायरी: घरात

बुटांपासून सुरुवात करा, कारण तेच सर्वांत गुपचूप मरतात. दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेला बूट वरून नवा दिसतो. पण तळव्याच्या आत पॉलियुरेथेनचा फोम असेल तर तो हवेतल्या दमटपणाने आतल्या आत कुजतो, आणि मग एखाद्या उतारावर अख्खा सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. हरिश्चंद्रगडावरून पाचनईला उतरताना माझा डावा सोल असाच सुटला. तंबूच्या दोरीने बूट करकचून बांधला आणि तोल सांभाळत गाव गाठलं. म्हणून जुना बूट असेल तर तो हातात घेऊन पुढून-मागून वाकवा, सोलच्या कडेला नख दाबा. भुगा सुटला, भेग दिसली किंवा फोम चिकट लागला तर तो बूट निवृत्त करा. गोंदाने चिकटवून हिमालयात नेऊ नका.

नवा बूट संध्याकाळी पाहा, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असताना. ट्रेकला वापरायचेच मोजे घाला. नाडी सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. थंडी म्हणून दोन जाड मोजे कोंबणारे बरेच असतात. बूट घट्ट झाला की रक्त खेळत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एक पातळ, एक लोकरी, आणि बोटं आत हलवता आली पाहिजेत. बोटं हलत नसतील तर बूट एक नंबर मोठा घ्या.

पाणी आत जातं का, हे बादलीत कळतं. बूट घालून घोट्याच्या खालपर्यंत पाण्यात दहा मिनिटं उभं राहा. विंडचीटर आणि पोंचूची परीक्षा शॉवरखाली: अंगात घालायचं, पाठीवर सॅक लावायची, आणि उभं राहायचं. घरचे हसतील, हसू द्या. पाणी बहुतेक वेळा खांद्याच्या शिवणीतून येतं, जिथे सॅकचा पट्टा दाबतो. ही गळती दुकानाच्या आरशात दिसत नाही.

कपड्यांसाठी याहून सोपं काही नाही. सुती बनियन, पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि थर्मल तिन्ही भिजवून पिळा, पंख्याविना बाल्कनीत शेजारी शेजारी वाळत घाला आणि घड्याळ लावा. सुती बनियनला किती वेळ लागतो ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की ते सॅकमध्ये भरायला हात धजावत नाही.

हेडटॉर्च आणि पॉवरबँक पूर्ण चार्ज करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मग बाहेर काढून टॉर्च लावा आणि उजेड पिवळट व्हायला किती वेळ लागतो ते लिहा. साध्या अल्कलाइन सेलना गारठा विशेष मानवत नाही. फोनही गारठ्यात तीस टक्के दाखवत असताना झटकन बंद पडतो. रात्री हे सगळं स्लीपिंग बॅगेत पायापाशी ठेवायची सवय इथूनच लावा. पॉवरबँक गोठलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केलेला लिथियमचा सेल कायमचा बिघडू शकतो.

सॅकबद्दल थोडक्यात. दहा-बारा किलो वजन भरा, पण दगड किंवा पुस्तकं नकोत. पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघा कुरकुरला की पाणी ओतून टाकता येतं. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, सिंहगडाची वाट आहे. मुंबईकरांना इमारतीचा जिना आहे, फक्त लिफ्टकडे पाहायचं नाही. वजन खांद्यावर येत असेल तर कमरेचा पट्टा चुकीच्या जागी बसतोय. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे, पोटावर नाही.

दुसरी पायरी: गच्चीवर

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, तेव्हा रात्री साडेअकराला वॉचमन बॅटरी मारत वर आला आणि पुढचा अर्धा तास त्याला स्टोव्ह दाखवण्यात गेला.

तंबू आधी उजेडात लावा, मग पुन्हा अंधारात, हेडटॉर्चवर, हातमोजे घालून. दुसऱ्या वेळी किती मिनिटं लागली ते लिहा. पंधराच्या वर गेली तर आणखी दोनदा लावा. हातमोज्यांनी उघडत नाहीत अशा चेनच्या टोकांना जाड दोऱ्याचे फास बांधा. दोन रुपयांची ही सुधारणा मला हजारोंच्या खरेदीपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. गच्चीवर खुंट्या रोवता येत नाहीत, पण तेही बरंच आहे. सह्याद्रीत मुरूम आणि कातळच जास्त, तिथेही खुंटी दोन बोटांपलीकडे जात नाही आणि तंबू दगडांनाच बांधावा लागतो. दगडाभोवती दोरी कशी घट्ट धरायची ते इथेच कुंड्यांवर शिकून घ्या.

आता झोपा. अर्थात गच्ची फसवी असते. दिवसभर तापलेलं काँक्रीट मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतं, त्यामुळे पहिल्या झोपेवरून काही ठरवू नका. खरा कस पहाटे तीन ते सहाचा. तापमापक तंबूच्या बाहेर टांगा, आतल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

स्लीपिंग बॅगेवरचे आकडे हे काय प्रकरण आहे ते इथे समजून घेऊ, कारण याच जागी सर्वांत जास्त लोक फसतात. युरोपियन मानकानुसार (आधी ईएन १३५३७, आता आयएसओ २३५३७) तपासलेल्या बॅगेवर तीन तापमानं छापलेली असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे एका प्रमाणित स्त्रीला निवांत झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे प्रमाणित पुरुष अंग आखडून का होईना रात्र झोपून काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचण्याची सीमा, तिचा झोपेशी काही संबंध नाही. जाहिरातीत मात्र तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असतो. ‘उणे १५’ वाचून बॅग घेतली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात कम्फर्ट अधिक ३ होतं, असे मित्र माझ्याकडे चार-पाच तरी आहेत. बाईमाणूस असो की बाप्या, बॅग घेताना फक्त कम्फर्ट पाहा.

आणि हे आकडे माणसाला झोपवून काढलेले नसतात. तापवलेला, संवेदक बसवलेला पुतळा असतो, त्याच्या अंगात एक थर कपडे असतात आणि खाली मॅट असते. तो पुतळा दमलेला नसतो, उपाशी नसतो, त्याला लघवीही लागत नाही. आपलं तसं नाही. म्हणून छापील आकड्यावरून स्वतःचा आकडा काढावा लागतो आणि हीच मघाशी म्हटलेली युक्ती.

बॅगेत एकच थर घालून झोपा: थर्मल, मोजे, कानटोपी. जाकीट बाहेर. जाग आली की तापमापक पाहा. कम्फर्ट शून्य लिहिलेल्या बॅगेत ६ अंशालाच पाय पोटाशी घ्यावे लागले, तर तुमच्यापुरती ती सहा अंशांची बॅग आहे, कंपनीने काहीही छापलेलं असो. म्हणजे छापील आकड्यात तुम्ही सहा अंश मिळवायचे. उलट ६ अंशाला चेन उघडून पाय बाहेर काढावासा वाटला, तर हाताशी थोडी शिल्लक आहे. हा तुमचा स्वतःचा फरक एकदा कळला की पुढची प्रत्येक बॅग त्यावरून निवडता येते.

पण गार वाटलं की लगेच बॅगेला दोष देऊ नका. निम्म्या वेळा चोर खाली असतो.

मॅटवर जरा थांबू

बॅगेत हवा धरून ठेवणारं भरण असतं आणि ती हवाच ऊब टिकवते. आपण आडवे झालो की पाठीखालचं भरण चेपतं, हवा निघून जाते, आणि पाठ आणि जमीन यांच्यात उरते फक्त मॅट. गोधडी अंगावर तीन आणि खाली सारवलेली ओली जमीन, अशी ती गत.

मॅटच्या ऊबरोधाला आर-व्हॅल्यू म्हणतात. आपल्या ट्रेकर्सची लाडकी पातळ कॅरीमॅट साधारण १ च्या आसपास असते, जाड घड्यांची फोमची मॅट २ च्या आसपास, आणि बर्फावर झोपायला ४-५ तरी हवा. यातली सोयीची गोष्ट ही की आर-व्हॅल्यूंची सरळ बेरीज होते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की दोन्हींचे आकडे मिळवायचे. महागडी फुगवायची मॅट घेण्याआधी हा उपाय करून पाहा.

परीक्षा अशी: लागोपाठ दोन रात्री, तेच कपडे, तीच बॅग, तेवढंच जेवण. पहिल्या रात्री एक मॅट, दुसऱ्या रात्री दोन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. फुगवायची मॅट असेल तर ती आधी घरात फुगवून, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी ती मऊ लागली तर गारव्याने आतली हवा आकसली असेल किंवा भोक असेल. साबणाचं पाणी लावलं की भोक बुडबुड्यांनी स्वतःच पत्ता सांगतं.

झोपण्याआधी मूठभर शेंगदाणे, चिक्की किंवा तिळाचा लाडू खा. पौषात तीळगूळ खायची आपली रीत उगाच नाही; पोटात इंधन असेल तर अंग रात्रभर तापतं. दिवसभराचे घामट मोजे बदला. लघवीला जायचा आळस करू नका. गरम पाण्याची बाटली पायाशी घ्यायची असेल तर आधी ती मोरीत तासभर उलटी ठेवून झाकण गळत नाही ना, ते बघा.

तिसरी पायरी: पायथ्याचं गाव

गच्चीवर दोन रात्री जमल्या की बारी, पाचनई, भंडारदऱ्याचा परिसर, किंवा राजमाचीची उधेवाडी गाठा. गावात ओळखीच्या घरी जेवण सांगायचं आणि परवानगी घेऊन अंगणात किंवा कापणी झालेल्या भातखाचरात तंबू लावायचा. इथे एक गंमत कळते. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून ओघळून खाचरात साचते. वारा नसलेल्या रात्री दरीतलं खाचर वरच्या सोंडेपेक्षा गार निघू शकतं. म्हणून थंडीची परीक्षा खाली घ्यायची आणि वाऱ्याची वर.

खाचरातली दुसरी देणगी म्हणजे दव. सकाळी तंबू आतून ओला दिसला की नवखा माणूस म्हणतो, तंबू गळका निघाला. बहुतेक वेळा ते आपलंच पाणी असतं. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून पेलाभर तरी बाफ बाहेर पडते. मोकळ्या आभाळाखाली तंबूचं बाहेरचं कापड हवेपेक्षाही गार होतं आणि बाफ त्यावर जाऊन ठिबकते. तंबू कोरडा असताना आणि सकाळी ओला असताना काट्यावर तोला; फरक पाहून डोळे उघडतील. दुसऱ्या रात्री वरच्या खिडक्या पूर्ण उघडा, बाहेरचं कापड ताणून आतल्यापासून वेगळं ठेवा, ओले कपडे आत घेऊ नका, आणि पुन्हा तोला. खाचराऐवजी झाडाखाली लावला तर दव आणखी कमी होतं, फक्त वर वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ नाही ना, ते आधी पाहा. स्लीपिंग बॅगेचं पायाकडचं टोक तंबूच्या भिंतीला चिकटलं की ती तिथे भिजते. बॅगेत पिसं असतील तर भिजल्यावर ती गोळा होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक भरण जड असतं, पण भिजूनही थोडीफार ऊब देतं. नवख्याने पहिली बॅग सिंथेटिकच घ्यावी, असं माझं मत.

पाचनईला एकदा रात्री दहा वाजता घरातल्या मावशी कंदील घेऊन तंबूपाशी आल्या. “काकडून जाशील बाबा, आत ये, वाकळ देते.” मी परीक्षा चालू आहे वगैरे सांगितलं. त्या म्हणाल्या, “परीक्षा सकाळी दे.” दोन वाजता मी निमूटपणे आत गेलो. वहीत लिहिलं: एक मॅट, ७ अंश, नापास. ती वाकळ दहा पावलांवर होती म्हणूनच एवढं सहज लिहिता आलं.

कुडकुडणं थांबत नाही, बोलताना जीभ जड होते, चेन लावायला बोटं वळत नाहीत, सोबत्याच्या प्रश्नाला भलतंच उत्तर येतं: यातलं काहीही दिसलं की परीक्षा तिथेच संपवायची. कोरडे कपडे, ऊब, गोड गरम पेय. आणि एकट्याने ही परीक्षा कधीच घेऊ नये.

चूल आणि गॅस

कॅनिस्टरवर, म्हणजे स्टोव्हच्या गॅसच्या छोट्या डब्यावर, आत कोणता वायू आहे ते वाचा. साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली उकळतच नाही, म्हणजे द्रवच राहतो आणि बर्नरपर्यंत वायू पोचत नाही. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपासपर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. सह्याद्रीत रात्र कितीही गार असली तरी शून्याखाली क्वचितच जाते, त्यामुळे ब्यूटेन इथे मजेत जळतो आणि आपण फसतो.

युक्ती लहानपणच्या पॉट आइस्क्रीमची. बादलीत बर्फ फोडून भरा, भरपूर खडेमीठ घाला, थोडं पाणी. हे मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. कॅनिस्टर त्यात अर्धा तास उभं ठेवा, पुसून कोरडं करा, मोकळ्या हवेत सपाट दगडावर स्टोव्ह पेटवा. ज्योत मलूल झाली की समजा, हा गॅस बर्फात चहासुद्धा देणार नाही. कॅनिस्टर गार करायला घरातल्या फ्रीझरमध्ये ठेवू नका, आणि मंद पडलं म्हणून आगीवर धरून तापवू तर अजिबात नका.

मग इंधनाचा हिशेब. कॅनिस्टर तोला, एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळा, पुन्हा तोला. वारा नसेल तर साधारण १२ ते १५ ग्रॅम जळतो. आडोसा न करता वाऱ्यात उकळलं तर किती जातो तेही पाहा, आकडा बघून आपण मुकाट्याने आडोसा शोधायला लागतो. मात्र पत्र्याचा आडोसा कॅनिस्टरभोवती पूर्ण गुंडाळू नका, ते तापून फुटू शकतं. पाणी बर्फ वितळवून मिळवणार असाल तर खर्च जवळजवळ दुप्पट धरा. बर्फाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ३८०० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा डाळ-तांदळाचा हट्ट सोडा. पोहे, शेवया, उपमा यांचं तिथे जमतं.

तंबूच्या आत स्टोव्ह नाही. दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप मात्र लागते. आणि डिसेंबरात गडावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने वणवा लागतो. चूल उघड्या कातळावरच मांडायची, शेकोटी नाही.

चौथी पायरी: गड

आता सगळं एकत्र पाठीवर. माझी पसंती कळसूबाईला. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, आणि बारीतून वाट मळलेली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तंबू कुठे लावता येतो, मुक्काम चालतो का, हे निघण्याआधी वनखात्याच्या चौकीवर किंवा गावात विचारून घ्या. नियम बदलत असतात. मुक्काम नसला तरी पहाटे पाचची चढाई पुरेशी आहे.

निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले, पंधरा मिनिटांत घाम फुटेल, आणि माथ्यावरच्या वाऱ्यात तोच घाम बर्फासारखा लागेल. थर काढायला-घालायला सॅक उतरवावी लागते का, जाकीट हाताला लगेच लागतं का, हे पाहा. लोखंडी शिड्यांवर सॅकला आडवी बांधलेली मॅट कठड्याला अडकते. ती उभी बांधायला हवी होती हे कळायला शिडी हीच जागा. माथ्यावर वीस मिनिटं स्वस्थ उभं राहा, अंगावर आहे नाही ते सगळं घालून. जाकिटाची खरी किंमत तेव्हा कळते, कारण चालताना कुठलंही जाकीट चांगलंच वाटतं.

उतरताना लक्ष बोटांकडे. पुढे आपटत असतील तर नाडी घोट्यापाशी वेगळी गाठ मारून घट्ट करा. तरीही आपटली तर बूट लहान आहे, नख काळं पडणारच. खडकावर घोरपडीसारखा चिकटणारा बूट बर्फात तसाच चिकटेल असं नाही. ती परीक्षा इथे होत नाही, आणि बुटाखाली चढवायचे दातेरी मायक्रोस्पाइक, बर्फ बुटात जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचे गेटर वगैरे सांकरीतच भाड्याने मिळतं. वर्षातून एकदा वापरायला विकत घेऊ नका.

मुक्काम केलात तर बूट तंबूत घ्या. सकाळी घालण्याआधी झटका, विंचू निघू शकतो. बाहेर ठेवलेत तर गडावरची कुत्री एकच बूट नेतात, दोन्ही कधीच नाही.

पाचवी पायरी: वही उघडा

ट्रेकच्या तीन आठवडे आधी सगळं संपलेलं असावं, म्हणजे बदलायला आणि दुरुस्त करायला वेळ राहतो. वहीतल्या प्रत्येक वस्तूपुढे एकच शेरा द्या: चालेल, दुरुस्त, भाड्याने, नको. ‘नको’वाल्या वस्तूंचं वजन करा. माझ्या पहिल्या यादीत ते दोन किलो भरलं होतं, त्यात घडीची खुर्ची होती.

परत आल्यावर तंबू दोन दिवस सावलीत वाळवा. ओला गुंडाळला तर आठवड्यात बुरशी धरते. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, चेपलेलं भरण पुन्हा फुलत नाही. जुन्या उशीच्या मोठ्या अभ्र्यात सैल ठेवा.

राहिला गॅस. कॅनिस्टर रेल्वेत चालत नाही, विमानात तर नाहीच, चेक-इन सामानातही नाही. ते देहरादूनला विकत घ्यावं लागतं. तिथे दोन प्रकार दिसतात: बसकं, पिळाचं आणि उंच, खटक्याचं. दुकानात जाताना स्टोव्ह बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच विचारून एकदा बसवून पाहा.